एक शाळा की दोन?

इंग्लंडात पुष्कळ ठिकाणी प्राथमिक शिक्षणाचे दोन तुकडे आहेत. सात वर्षांपर्यंत शिशुशाळा, पुढे अकरापर्यंत कनिष्ठ शाळा. आवार अनेकदा एकच, मध्ये कुंपण. पण मुख्याध्यापक दोन, कचेऱ्या दोन. आणि कुंपण ओलांडायचे तर आईबापांनी पुन्हा अर्ज करावयाचा!

मूळ हेतू मात्र चांगला होता. १८१६ साली स्कॉटलंडात न्यू लॅनार्क येथे रॉबर्ट ओवेन या गिरणीमालकाने मजुरांच्या मुलांसाठी शाळा उघडली. लहानग्यांना पुस्तकांनी छळू नये, असा त्याचा दंडक होता. (मालकांतही असा एखादा निघतो.) चिमुकल्यांना वेगळी जागा, वेगळी रीत हवी, हा विचार पुढे इंग्लंडात रुजला.

आता तेथे जन्म घटले, बाके रिकामी पडू लागली आणि दोन्ही शाळा एक कराव्यात, असे प्रस्ताव निघतात. सातव्या वर्षी मुलाला नव्याने बुजावे लागत नाही, हा लाभ आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु सरकार दर शाळेमागे एक ठोक रक्कम देते. शाळा एक झाली की कालांतराने रक्कमही एकच उरते. ही तूट कोणाच्या पदरात पडणार? मुख्याध्यापकाची एक जागा जाते, ती सर्वांना दिसते. कचेरीतील कारकुनाचे, स्वयंपाकघरातील मदतनिसाचे तास कापले, तर ते कोणाला दिसावे?

शाळा बंद करण्याचा रीतसर प्रस्ताव प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी चार आठवडे मिळतात. तेवढ्यात पालकांनी व नोकरांनी एकत्र बसून नव्या शाळेचा पगारपट मागून घ्यावा.