करवत मुलांच्या हाती द्या

मुलांसाठी सुतारकामाची कार्यशाळा जाहीर झाली की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "खरी करवत देणार का? हात कापला तर?" प्रश्न रास्त आहे. त्याला घाबरून अनेक ठिकाणी मुलांपुढे आधीच कापून ठेवलेले तुकडे आणि फेव्हिकॉलची बाटली ठेवली जाते. दोन तासांत वस्तू तयार होते, मूल ती हौसेने घरी नेतं. पण लाकूड कसं कापलं जातं, कुठे चिरतं, कुठे अडतं, यातलं काहीच त्याला कळलेलं नसतं. खरं लाकूड, धारदार हत्यारं आणि नेटकी मांडणी असेल तर आठ-नऊ वर्षांची मुलंही सुतारकाम सुरक्षितपणे करतात. ही संधी प्रत्येक मुलाला मिळायला हवी.

हा विचार जुना आहे. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या आग्रहामुळे 1866 साली हस्तकाम हा सार्वजनिक शाळांचा विषय झाला आणि मुलग्यांना तो सक्तीचा करण्यात आला. पुढे स्वीडनमध्ये गोथेनबर्गजवळच्या नेस इथे ओटो सॉलोमन यांनी शिक्षकांना या कामाचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. 'स्लॉइड' या नावाने ही पद्धत देशोदेशी पोचली. तिचे नियम आजही कुठल्याही कार्यशाळेने भिंतीवर लावावेत असे आहेत. सोप्याकडून अवघडाकडे जायचं. घरात उपयोगी पडेल अशीच वस्तू करायची. प्रत्येक मुलाने आपापल्या गतीने पुढे जायचं. आणि शिक्षकाने मुलाच्या कामाला हात लावायचा नाही. तिथल्या पहिल्या वस्तूंपैकी एक होती साधी लाकडी काठी, चाकूने तासून गुळगुळीत केलेली.

आपल्याकडे ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा तयार केला. शाळेत मूलोद्योग म्हणून जी कामं सुचवली गेली, त्यांत सूतकताई आणि शेतीबरोबर सुतारकामही होतं. त्यामागे मोठा सामाजिक हेतू होता. बलुतेदारीत सुतारकी एका जातीच्या घरातच राहिली. बापाकडून मुलाकडे ती आली, बाकीच्यांना तिचा स्पर्श झाला नाही, आणि लिहिता-वाचता येणाऱ्या वर्गाला हत्यार हातात धरणं कमीपणाचं वाटू लागलं. शाळेच्या टेबलावर सगळ्यांची मुलं एकच करवत आळीपाळीने वापरतात तेव्हा हा दुरावा कमी व्हायला सुरुवात होते. पुढे पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करत शिकण्याचा हा धागा ग्रामीण शाळांपर्यंत नेला.

आधी मांडणी

आता पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. कार्यशाळेतली सुरक्षितता सूचनांपेक्षा मांडणीतून जास्त येते. टेबल मुलाच्या उंचीचं हवं. हात सरळ खाली सोडल्यावर मनगट जिथे येतं, तेवढी उंची योग्य. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी ती साधारण 60 सेंटिमीटर भरते. मोठ्यांच्या टेबलावर मुलाला खांदे उचलून करवत चालवावी लागते, हात लगेच थकतो आणि थकलेला हात घसरतो.

दुसरा नियम असा की लाकूड हाताने धरायचं नाही. ते सी-क्लॅम्पने किंवा बेंच व्हाइसमध्ये घट्ट आवळायचं. लहान मुलांनी दोन्ही हात करवतीच्या मुठीवर ठेवायचे. दोन्ही हात मुठीवर असले की दातांजवळ बोट येणारच कुठून? तिसरा नियम धारेचा. बोथट हत्यार मुलांना बरं, हा गैरसमज आहे. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोराने निसटलेली पटाशी इजा करते.

लाकूड मऊ निवडावं. शिवण, सिल्व्हर ओक किंवा पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन मुलांना झेपतं. बाभळीशी झुंजायला लावू नये. परदेशी मालाबरोबर आलेल्या पॅलेटवरचा शिक्का मात्र जरूर वाचावा. 'एचटी' असेल तर ते लाकूड कीड मारण्यासाठी फक्त तापवलेलं असतं. 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. असं लाकूड मुलांच्या जवळ आणूच नये. एमडीएफही टाळावं, कारण त्याचा भुसा फार बारीक असतो आणि ते जोडणाऱ्या चिकट द्रव्यात फॉर्मल्डिहाइड असतं. एरवीसुद्धा जागा मोकळ्या हवेची असावी, घासकामाच्या वेळी तोंडाला मास्क असावा आणि भुसा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपावा.

गटाचं गणितही महत्त्वाचं. एका जाणत्या माणसामागे पाच-सहा मुलं पुरेत. गट मोठा असेल तर तीन टेबलं मांडावीत. एका टेबलावर मापं घेऊन आखणी, दुसऱ्यावर कापणं, तिसऱ्यावर घासणं आणि जोडणं. करवती फक्त मधल्या टेबलावर राहतात, त्यामुळे लक्ष कुठे ठेवायचं हे ठरलेलं असतं. हत्यार हातात घेऊन कुणी चालायचं नाही. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवून ठेवली की ते जागेवर नसेल तर लांबूनही दिसतं, आणि सगळी हत्यारं जागेवर लागल्याशिवाय दिवस संपत नाही हे मुलांच्या अंगवळणी पडतं.

पहिला काप, पहिला खिळा

पहिला काप पाहण्यासारखा असतो. मूल करवत रेघेवर ठेवतं आणि सगळा जोर खाली लावतं. पातं अडतं, वाकतं. इथे सुतारकाकांचं एक वाक्य कामाला येतं : "दाबू नको, नुसती चालव." आपल्याकडची नेहमीची करवत पुढे ढकलताना कापते, म्हणून आधी दोन-तीनदा ती आपल्याकडे ओढून छोटी खाच पाडायची आणि मग लांब, सावकाश फेरे मारायचे. करवतीचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे थोडे वाकवलेले असतात. त्यामुळे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पातं आत अडकत नाही. तेवढं लाकूड भुसा होऊन जातं. म्हणूनच 24 सेंटिमीटरच्या पट्टीतून 12 सेंटिमीटरचे दोन तुकडे कधीच पूर्ण निघत नाहीत. मूल तुकडे मोजतं, पुन्हा मोजतं, आणि मग त्याचं लक्ष खाली पडलेल्या भुशाकडे जातं. तिथून पुढे ते टाकायच्या भागावर फुली मारतं आणि रेघेच्या त्या अंगाने कापतं.

खिळ्याचीही अशीच गंमत आहे. पट्टीच्या टोकाजवळ खिळा ठोकला की लाकूड लांबीच्या दिशेने चिरतं. अनुभवी सुतार खिळा उलटा धरून त्याच्या टोकावर हातोडीचा हलका ठोका देतो आणि मग ठोकतो. टोकदार खिळा लाकडाच्या तंतूंना पाचरीसारखा बाजूला सारतो, बोथट केलेला खिळा ते तंतू चेपत, तोडत आत जातो, म्हणून लाकूड फाटत नाही. दोन्ही प्रकार शेजारी शेजारी करून दाखवावेत. लाकूड कोणत्या दिशेने दुबळं असतं, हे यानंतर मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. बोटं सांभाळायला खिळा कपडे वाळत घालायच्या चिमट्यात धरायला द्यावा.

यानंतर गुण्या. कापलेल्या टोकाला गुण्या लावून तो उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला तर काप तिरका. वहीतलं चूक-बरोबर बाई ठरवतात, इथे मुलाला स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, ओरडा न खाता, आणि ती दुरुस्त करण्याचा मार्गही हातात असतो : कानस, पॉलिश पेपर किंवा नवा तुकडा. सॉलोमन शिक्षकांना मुलाच्या कामापासून हात लांब ठेवायला सांगत, त्याचं कारण हेच. मोठ्या माणसाने काम नीट करून दिलं की वस्तू देखणी होते, मुलाचं शिकणं मात्र तिथेच थांबतं. चिमण्यांना दाणे ठेवायचा पाट एका कोपऱ्यात किंचित वाकडा झाला तरी तो तसाच घरी जाऊ द्यावा.

मुलींना यातून वगळण्याचं काहीच कारण नाही. स्वीडनमध्येही एके काळी लाकूडकाम मुलग्यांचं आणि शिवणकाम मुलींचं होतं. 1960च्या दशकात दोन्ही विषय दोघांसाठी खुले झाले. आपण एवढी वर्षं वाट पाहू नये.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावं, असंही त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मुख्याध्यापकांना आणि पालक-शिक्षक संघांना एवढीच विनंती, की हे दिवस भाषणांत आणि सहलींत संपवू नका. आपल्या गावातल्या किंवा पेठेतल्या सुताराला सन्मानाने बोलवा, त्यांचा दिवसाचा रोज त्यांना पूर्ण द्या आणि शिक्षकांसमोर आधी त्यांनाच बोलू द्या. चार करवती, चार हातोड्या, दोन गुण्ये आणि काही क्लॅम्प एवढ्या सामानावर सुरुवात होते. बाकीचं शिकवायला लाकूड समर्थ आहे.