दोन टन कडब्यामागे चाळीस ग्रॅम

मराठवाड्यातल्या मुरुम गावच्या शिवारात जशी काळी जमीन आहे, तशा एक हेक्टर रानाचा वरचा १५ सेंटीमीटरचा थर तोलला तर वजन भरेल सुमारे २२ लाख किलो. मातीत किलोमागे ५० मिलीग्रॅम जस्त धरलं, तर या थरात ११० किलो जस्त झालं. पण चुनखडीच्या जमिनीत ते घट्ट धरून ठेवलेलं असतं. माती परीक्षणात मुळांना मिळण्याजोगं जस्त ०.६ पीपीएमच्या, म्हणजे किलोमागे ०.६ मिलीग्रॅमच्या, खाली आलं की जमीन कमतरतेची ठरते. ०.६ म्हणजे अख्ख्या हेक्टरात १ किलो ३०० ग्रॅम! ज्वारी एवढ्यावरच उभी राहते आणि तिचा कडबा जनावराच्या दावणीत येतो.

दुभत्या गाईला चाऱ्याच्या दर किलोमागे ४० मिलीग्रॅमच्या वर जस्त लागतं. कडब्यात २० असेल आणि गाय दिवसाला १० किलो खात असेल, तर वर्षाची तूट ७३ ग्रॅम. एवढ्याशा तुटीपायी खूर कमजोर होतात, कातडी खरबरीत होते, जनावर वेळेवर माजावर येत नाही. एकरी दोन टन कडब्यातली तूट भरायची तर ४० ग्रॅम जस्त ताटांत चढायला हवं. एकरी १० किलो झिंक सल्फेट टाकलं तर त्यात २ किलो १०० ग्रॅम जस्त असतं. त्याचा पन्नासावा हिस्सा ताटांनी घेतला तरी भागलं.

कोबाल्टचा हिशेब तर याहून थक्क करतो. त्याची गरज किलोमागे ०.१ मिलीग्रॅम, म्हणजे गाईला दिवसाला एक मिलीग्रॅम. २०१९च्या पशुगणनेत देशात १९ कोटी २५ लाख गाई-बैल होते. लहान वासरंही मोठ्या जनावराएवढं खातात असं धरलं, तरी या सगळ्यांचं रोजचं कोबाल्ट दोन क्विंटलांत बसतं. एका मिलीग्रॅममध्ये कोबाल्टचे अणू असतात एकावर १९ शून्यं इतके. गाईचं कोटीपोट १०० लिटरचं धरा. दर मिलीलिटरला हजार कोटी जीवाणू, म्हणजे एकूण एकावर १५ शून्यं. सगळ्यांना सारखे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज दहा हजार अणू येतात. त्यातूनच तिथले जीवाणू बी-१२ जीवनसत्त्व घडवतात. त्याच्या एका रेणूला कोबाल्टचा एकच अणू लागतो, पण तो नसेल तर रेणू बनतच नाही.

खतावाटे असं द्रव्य चाऱ्यात चढवल्याचं उदाहरणही आहे. फिनलंडने १९८४ पासून देशभरच्या खतांत सेलेनियम मिसळायला सुरुवात केली. चारापिकांच्या खतात प्रमाण होतं टनाला ६ ग्रॅम. तेवढ्यानं चारा, दूध, मांस आणि शेवटी माणसांचं रक्त, सगळीकडे सेलेनियम वाढलं. आपण मात्र त्याची नक्कल डोळे झाकून करू नये. पंजाबात नवांशहर-होशियारपूरकडे काही जमिनींत सेलेनियम जास्त असल्यानं जनावरं आजारी पडतात.

जस्त वाढवण्याचं काम मराठवाड्यानं ज्वारीच्या दाण्यापुरतं केलं आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी शक्ती’ हा वाण २०१८ साली आला; त्याच्या दाण्यात जस्त किलोमागे ३२ मिलीग्रॅमच्या आसपास आहे, नेहमीच्या ज्वारीत साधारण २०. माझं मागणं एवढंच की नव्या वाणाची शिफारस करताना कडब्यातलं जस्तही मोजावं आणि तो आकडा बियाण्याच्या पिशवीवर छापावा. मुरुमचा शेतकरी ज्वारी पेरताना भाकरीइतकाच दावणीचाही विचार करतो.