दहा म्हणायच्या आत गुडुप!

ऑपरेशनच्या टेबलावर पेशंट आहे. भूलतज्ज्ञ डॉक्टर सिरिंज उचलतात, तर आत चक्क दुधासारखं पांढरं औषध! सलाईनच्या नळीतून ते शिरेत जातं, हात जरा चुरचुरतो आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात पेशंट गुडुप. या औषधाचं नाव प्रोपोफॉल.

ते पांढरं का? कारण मुळात प्रोपोफॉल तेलकट असतं, पाण्यात विरघळतच नाही. मग सोयाबीनचं तेल आणि अंड्याच्या बलकातलं लेसिथिन वापरून त्याचे अगदी बारीक थेंब पाण्यात पसरवतात. दुधातही स्निग्ध पदार्थाचे थेंब असेच पसरलेले असतात. आधीच्या वेगळ्या मिश्रणाची काही जणांना ॲलर्जी आली होती, म्हणून ही सगळी खटपट. हे औषध शोधणारे जॉन ग्लेन होते कोण, माहितीये? जनावरांचे डॉक्टर! 1986 मध्ये त्यांचं औषध बाजारात आलं.

मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं. पेशींना ‘शांत बसा’ म्हणणं हे त्याचं काम. प्रोपोफॉल त्याचा जोर वाढवतं. ही आपली रोजची झोप नव्हे हं! झोपेत चिमटा काढला तर तुम्ही ओरडत उठाल, इथे नाही.

आता खरी गंमत. एकच डोस दिला तर पाच-दहा मिनिटांत जाग येते. औषध संपलं म्हणून? छे! ते रक्ताबरोबर मेंदूतून निघून स्नायूंकडे आणि चरबीकडे जातं. म्हणून लांबलचक ऑपरेशनला पंपाने थोडं थोडं देत राहतात, नाहीतर हुंगायच्या भुलीवर नेतात.

केटामीन हे भुलीचं दुसरं औषध मात्र अतरंगी. त्याच्या भुलीत डोळे उघडेसुद्धा राहतात, पण पेशंटला दुखत नाही. शिवाय श्वास बहुधा चालू राहतो, त्यामुळे युद्धात किंवा भूकंपानंतर, जिथे मोठी यंत्रं नसतात तिथे ते फार कामाचं.

भुलीत घशाचे पहारेकरीही सुस्तावतात. पोट भरलेलं असेल तर अन्न वर येऊन फुफ्फुसात शिरू शकतं. तेव्हा ऑपरेशनआधी डॉक्टरांनी उपाशी राहायला सांगितलं, तर बिस्किटाचा तुकडाही चोरून खाऊ नका. खाल्लाच असेल, तर लगेच सांगून टाका. कोणी रागावणार नाही, फार तर ऑपरेशन थोडं पुढे ढकलतील.