अण्णादुराई : व्यासपीठावरील तमिळ आणि राज्यकारभार

साहित्यिकाने राजकारणात प्रवेश केल्याची उदाहरणे भारतीय भाषांच्या आधुनिक इतिहासात पुष्कळ आहेत. परंतु नाटक, निबंध आणि व्याख्यान यांतून घडलेले गद्य हेच एका पक्षाच्या उभारणीचे मुख्य साधन व्हावे आणि त्या बळावर राज्याची सत्ता हाती यावी, असा योग क्वचितच आला. कांजीवरम नटराजन अण्णादुराई (१९०९–१९६९) यांची कारकीर्द या प्रकारात मोडते. म्हणूनच तिचा विचार राज्यशास्त्राच्या अभ्यासकांपुरता मर्यादित राहू शकत नाही.

कांचीपुरम येथील एका सामान्य विणकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयात अर्थशास्त्र व राज्यशास्त्र यांचे शिक्षण घेत असताना ते जस्टिस पक्षाकडे ओढले गेले आणि पुढे पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांचे निकटचे सहकारी झाले. १९३७ साली राजगोपालाचारींच्या मंत्रिमंडळाने मद्रास प्रांतातील शाळांत हिंदी सक्तीची करण्याचे धोरण स्वीकारले. त्याविरुद्धच्या चळवळीत अण्णादुराईंचे वक्तृत्व प्रथम सर्वत्र गाजले. पेरियारांच्या नियतकालिकांत काम केल्यानंतर १९४२ मध्ये त्यांनी ‘द्राविड नाडु’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले. १९४४ च्या सेलम अधिवेशनात त्यांच्याच ठरावाने जस्टिस पक्षाचे ‘द्राविडर कळघम’ असे रूपांतर झाले.

या काळातील त्यांच्या भाषेचे स्वरूप ध्यानात घेण्याजोगे आहे. तमिळ पद्यात चरणारंभीच्या अक्षरांचे साम्य साधणाऱ्या ‘मोनै’ला आणि दुसऱ्या अक्षराचे यमक साधणाऱ्या ‘एदुगै’ला फार मोठे स्थान आहे. अण्णादुराईंनी पद्याचे हे अलंकार सार्वजनिक भाषणाच्या गद्यात आणले. प्राचीन तमिळ वाङ्मयातील शब्दकळा आणि बाजारपेठेतील माणसाला उमगणारा आशय यांचा हा मेळ नवा होता. निरक्षर श्रोत्यालाही आपण एका जुन्या, समृद्ध भाषेचे वारसदार आहोत, असा प्रत्यय त्यातून येई. त्यांच्या प्रभावाचे रहस्य प्रतिपादनाच्या नावीन्यापेक्षा या प्रत्ययात अधिक होते.

रंगभूमी हे त्यांचे दुसरे साधन. ‘वेलैक्कारी’ (मोलकरीण) या नाटकात जमीनदारी आणि धार्मिक दंभ यांवर प्रहार आहेत; १९४९ साली त्यावर चित्रपटही निघाला. मराठी अभ्यासकाला विशेष जवळचे वाटावे असे नाटक म्हणजे ‘शिवाजी कण्ड हिंदु राज्यम’. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या अधिकाराविषयीचा वाद हा त्याचा विषय असून गागाभट्टाची भूमिका स्वतः अण्णादुराई करीत. व्ही. सी. गणेशन या तरुण नटाने रंगविलेला शिवाजी पाहून पेरियारांनी त्याला ‘शिवाजी’ हे नाव दिले आणि पुढे त्याच नावाने तो विख्यात झाला. जोतीराव फुले यांनी १८६९ मधील पोवाड्यात शिवाजीकडे शूद्रातिशूद्रांच्या दृष्टीने पाहिले होते. सुमारे पाऊण शतकानंतर तमिळ रंगभूमीवर तोच राजा ब्राह्मणेतर प्रश्नाचे प्रतीक होऊन अवतरावा, हे या दोन प्रदेशांतील चळवळींचे अंतरंग नाते दर्शविते.

१५ ऑगस्ट १९४७ हा दिवस पेरियारांनी शोकदिन मानला. अण्णादुराईंनी मात्र जाहीरपणे वेगळी भूमिका घेतली. मतभेद वाढत गेले आणि सप्टेंबर १९४९ मध्ये ‘द्राविड मुन्नेत्र कळघम’ या नव्या पक्षाची स्थापना झाली. अध्यक्षाचे आसन पेरियारांसाठी रिकामे ठेवून अण्णादुराई सरचिटणीस झाले. ‘अण्णा’ म्हणजे थोरला भाऊ. मराठीतही हा शब्द वडीलधाऱ्या पुरुषासाठी आदराने योजला जातो. अनुयायांच्या तोंडचे हे संबोधन त्यांनी वाङ्मयप्रकारातही उतरविले. ‘तम्बी’स, म्हणजे धाकट्या भावास, लिहिलेली त्यांची साप्ताहिकातील पत्रे कौटुंबिक जिव्हाळ्याच्या स्वरात राजकीय शिक्षण देत. पक्ष हे कुटुंब आहे, ही कल्पना या पत्रांनी रूढ केली. तिचे गुण आणि दोष दोन्ही पुढील राजकारणात उतरले.

१९५७ च्या पहिल्याच निवडणुकीत पक्षाला विधानसभेच्या १५ जागा मिळाल्या. १९६२ मध्ये त्या ५० झाल्या, पण कांचीपुरममध्ये स्वतः अण्णादुराई पराभूत झाले आणि राज्यसभेवर गेले. त्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने देशाची अखंडता राखण्याची शपथ उमेदवारांना बंधनकारक केली, तेव्हा पक्षाने स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी सोडली. या निर्णयाला कोणी माघार म्हटले, तर कोणी शहाणपण. मागणीचे क्षेत्र आकुंचित झाले असले, तरी तिचा भाषिक गाभा अभंग राहिला, हे मात्र दोन्ही पक्षांना मान्य करावे लागेल. १९६३ च्या राजभाषा विधेयकात इंग्रजीचा वापर पुढे चालू राहण्याबाबत ‘मे’ हा शब्द होता; विरोधकांना ‘शॅल’ हवा होता. एका क्रियापदावर कोट्यवधी लोकांचे भवितव्य अवलंबून असू शकते, हे शब्दांवर उपजीविका केलेल्या माणसाला पटवून देण्याची गरज नव्हती. त्याच वर्षी भूपेश गुप्त यांच्या मद्रास राज्याच्या नामांतरविषयक विधेयकाला पाठिंबा देताना, नाव बदलून काय मिळणार या प्रश्नावर त्यांनी उलट विचारले, की संसदेच्या सभागृहांना लोकसभा, राज्यसभा म्हणून काय मिळाले?

जानेवारी १९६५ मध्ये विद्यार्थ्यांच्या हिंदीविरोधी आंदोलनाने राज्य पेटले आणि अनेकांचे प्राण गेले. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसचा पराभव झाला. १९३७ मध्ये हिंदी आणणारे राजगोपालाचारी या वेळी अण्णादुराईंच्या बाजूला होते आणि पेरियार विरुद्ध बाजूला! ६ मार्च १९६७ रोजी अण्णादुराई मुख्यमंत्री झाले. दोन वर्षेही पुरी न भरलेल्या त्यांच्या राजवटीत पुरोहिताविना होणाऱ्या स्वाभिमान विवाहांना कायदेशीर मान्यता मिळाली, जानेवारी १९६८ मध्ये तमिळ व इंग्रजी या द्विभाषासूत्राचा ठराव झाला आणि १४ जानेवारी १९६९ पासून राज्य ‘तमिळनाडू’ झाले.

परंतु शब्द आणि कृती यांतील अंतरही याच काळात उघड झाले. निवडणुकीत रुपयाला तीन ‘पडी’ (मापे) तांदळाची भाषा झाली होती; प्रत्यक्षात रुपयाला एक ‘पडी’, तोही मद्रास आणि कोइमतूर या शहरांतच देता आला. २५ डिसेंबर १९६८ रोजी तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे मजुरीच्या वादातून ४४ दलितांना, त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती, जाळून मारण्यात आले. ‘वेलैक्कारी’च्या लेखकाच्या राज्यातच जमीनदारीचे हे रूप प्रकट झाले. ब्राह्मणेतरांना एकत्र आणणारी भाषा त्यांच्यातील तळाच्या माणसाचे रक्षण करण्यास पुरेशी नव्हती.

३ फेब्रुवारी १९६९ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा नव्या नावाला तीन आठवडेही झाले नव्हते. अंत्ययात्रेला जमलेला विराट समुदाय त्यांच्या लोकप्रियतेची साक्ष देतो. मूल्यमापनासाठी मात्र तेवढी साक्ष पुरत नाही. वाङ्मयाने जागविलेली अस्मिता कायद्यात आणि नकाशावर कशी उतरते, हे अण्णादुराईंच्या चरित्रात स्पष्ट दिसते. ती शेतमजुराच्या झोपडीपर्यंत पोहोचण्यापूर्वी कोठे थबकते, हेही तेथेच दिसते. भारतीय भाषांच्या अभ्यासकाने या दोहोंपैकी एकाकडेच पाहिले, तर त्याचे वाचन अपुरे राहील.