गांजा आणि स्त्रीबीजाचं वेळापत्रक

मासिक पाळीचा कारभार बीजकोशात चालतो हे खरं, पण हुकूम सुटतो मेंदूतून. हायपोथॅलॅमस हा मेंदूचा चिमुकला भाग ठरावीक अंतराने जीएनआरएच नावाचं संप्रेरक थोडंथोडं सोडत असतो. त्याच्या इशाऱ्यावर पीयूषिका ग्रंथी एलएच सोडते. पाळीच्या मध्यावर हे एलएच एकदम उसळलं, की साधारण दीड दिवसात स्त्रीबीज बाहेर पडतं.

गांजातलं टीएचसी ढवळाढवळ करतं ती थेट उगमापाशी. आपलं शरीर स्वतःच आनंदामाइड नावाचं रसायन बनवतं. त्याच्यासाठी असलेल्या ग्राहींवर टीएचसी जाऊन बसतं आणि जीएनआरएचचा ठेका बिघडतो. एलएच वेळेवर उसळत नाही, बीज अडकून पडतं. असे ग्राही बीजकोशातही आहेत.

1983 साली प्रसिद्ध झालेला ऱ्हीसस माकडिणींवरचा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. आठवड्यातून तीनदा टीएचसी टोचल्यावर त्यांचं पाळीचक्र काही महिने विस्कटलं. पुढे इंजेक्शनं चालू असतानाच ते पूर्ववत झालं. शरीर सरावलं! त्यामुळे गांजा ओढणारीला दिवस जात नाहीत, या समजुतीवर कुणीही विसंबू नये. टीएचसी वार ओलांडून गर्भापर्यंत पोचतं. मूल हवं असेल तर गांजा आधीच सोडा, आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका.