सातपुड्याच्या गवतातलं भुरं फुलपाखरू कसं ओळखावं?

तेल्हाऱ्याहून वारीकडे गेलं की कपाशीची काळी रानं मागे पडतात आणि सातपुड्याचे गवताळ उतार सुरू होतात. पावसाळ्यात अशा गवतातून एक भुरकट फुलपाखरू टुणटुण उड्या घेतल्यासारखं, जमिनीलगत उडतं. पंखांवर पिवळ्या कड्यांचे काळे डोळे. हा ‘रिंग’ फुलपाखरांचा गट. त्यातलं आपल्यासमोरचं नेमकं कोणतं, हे पायरीपायरीने ठरवता येतं.

आधी कूळ. बसलेल्या फुलपाखराचे पाय मोजा. सहापैकी चारच टेकलेले दिसतील; पुढची आखूड, केसाळ जोडी छातीशी दुमडलेली असते. म्हणजे कूळ निम्फॅलिडी.

मग उपकूळ. पुढच्या पंखाची शीर मुळाशी फुगलेली भिंगातून दिसली, तर ते सॅटिरिनी. यांच्या अळ्या बहुतांशी गवतावरच वाढतात.

पुढे प्रजाती. पुढच्या पंखाच्या टोकाशी एकच मोठा डोळा, त्यात दोन चकचकीत ठिपके आणि पंखांच्या खालच्या बाजूला बारीक तपकिरी रेघोट्या असल्या, की प्रजाती यप्थिमा.

जात ठरते ती मागच्या पंखाच्या खालच्या बाजूवरून. टोकाकडे एक आणि मागच्या कोपऱ्याकडे ओळीने तीन डोळे असले तर फोर रिंग, म्हणजे यप्थिमा ह्युबनेरी. टोकाकडे एक आणि कोपऱ्याकडे दोन असतील तर थ्री रिंग. फाइव्ह रिंग मात्र चकवते. नीट मोजले तर डोळे सहा भरतात. पण शेवटचे दोन इवलेसे आणि एकमेकांना चिकटलेले असतात, ते एकच धरायचे.

ही मोजणी पावसाळ्यापुरती खरी. कोरड्या दिवसांत निघणाऱ्या पिढीचे डोळे आकसून नुसते ठिपके उरतात, कधी तेही दिसत नाहीत. हिरव्या गवतात ठळक डोळे पक्ष्याची चोच धडाऐवजी पंखाच्या कडेकडे वळवतात. वाळल्या गवतात मात्र न दिसणंच फायद्याचं. आफ्रिकेतल्या बायसायक्लस या नातेवाईक फुलपाखरावरच्या प्रयोगांत, अळी वाढताना हवा उबदार की थंड, यावर डोळ्यांचा आकार ठरतो असं दिसलं.

म्हणून पंख मिटलेला, बाजूने घेतलेला फोटो हवाच, सोबत तारीख आणि ठिकाणही. मार्चमध्ये डोळे पुसट दिसले तर ‘यप्थिमा, जात अनिश्चित’ अशीच नोंद करावी. ओढूनताणून दिलेल्या नावापेक्षा ती अभ्यासकाच्या जास्त कामाची.