सोसायटीचा पंप सारखा ट्रिप होतोय? रिसेट दाबण्याआधी रिले काय सांगतोय ते वाचा

सकाळचे साडेसहा. डोंबिवलीतल्या एखाद्या सात मजली सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो, "नळाला पाणी नाही." सेक्रेटरी वॉचमनला फोन लावतात. वॉचमन पंपरूममध्ये जाऊन रिसेट दाबतो, पंप सुरू होतो. दहा मिनिटांनी पुन्हा बंद. पुन्हा रिसेट. चौथ्या वेळी जळका वास येतो आणि मग रिवाइंडिंग होईपर्यंत टँकर.

मोटर का थांबली, हे पॅनलमधल्या छोट्याशा रिलेने पहिल्याच वेळी सांगितलेलं असतं. ते कुणी वाचलेलं नसतं, एवढंच.

ठाण्यात भातसाचं पाणी येवो, कल्याणला उल्हास नदीचं किंवा डोंबिवली एमआयडीसीत बारवीचं. बहुतेक इमारतींत ते जमिनीखालच्या टाकीत येऊन थांबतं. तिथून गच्चीवर जायला पंपच लागतो.

जुन्या पॅनलमध्ये साधा थर्मल ओव्हरलोड रिले असतो. मोटरचा करंट वाढला की त्यातली दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि कॉन्टॅक्टरचा पुरवठा तोडते. त्यावर एक फिरवायची चकती असते, अ‍ॅम्पिअरचे आकडे असलेली. हा आकडा मोटरच्या नेमप्लेटवरच्या करंटइतका हवा. 5 एचपीची मोटर 415 व्होल्टला साधारण साडेसात अ‍ॅम्पिअर घेते. सेटिंग 7.5 असेल आणि करंट 9 अ‍ॅम्पिअरवर टिकून राहिला, म्हणजे 1.2 पट, तर रिलेने दोन तासांच्या आत ट्रिप व्हायलाच हवं. (स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले सहसा वाइंडिंगच्या लाइनवर असतो, तिथे सेटिंग नेमप्लेटच्या 0.58 पट ठेवतात.)

इथेच सगळ्यात महागडा जुगाड होतो. "सारखा ट्रिप होतोय" म्हणून कुणीतरी चकती वर सरकवून ठेवतं. ट्रिप थांबतो, मोटर मात्र आतून भाजत राहते. बेअरिंग घासतंय की पंपात कचरा अडकलाय, हे बघायचं राहूनच जातं.

ट्रिपनंतर रिसेट लगेच बसत नसेल तर रिले बिघडला असं समजू नका. पट्टी अजून गरम असते. तिला काही मिनिटं द्या. आणि रिसेटचा खटका 'ऑटो'वर असेल तर इलेक्ट्रिशियनकडून तो 'मॅन्युअल'वर करून घ्या, नाहीतर कारण न कळताच मोटर पुन्हा सुरू होऊ शकते.

त्याच्या शेजारी अनेकदा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर असतो. तीनपैकी एक फेज गेली, मग फ्यूज उडालेला असो की बाहेरून लाइन गेलेली, तर चालू मोटर उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते आणि त्यांतला करंट साधारण पावणेदोन पट होतो. तसं होण्याआधीच हा डबा मोटर थांबवतो. केबलचं काम झाल्यावर पंप अजिबात सुरू होत नसेल, तर फेजचा क्रम उलटा झालेला असू शकतो. म्हणजे मोटर उलटी फिरली असती, रिलेने वाचवलं. अशा वेळी मोटर खोलायची गरज नसते, दोन वायरींची अदलाबदल पुरते.

नव्या डिजिटल रिलेवर काम आणखी सोपं. पंप चालू असताना तिन्ही फेजचा करंट दिसतो. तो जवळपास सारखा हवा. ट्रिप झाल्यावर कारण स्क्रीनवर येतं: ओव्हरलोड, फेज लॉस, अनबॅलन्स, अर्थ फॉल्ट किंवा ड्राय रन. ड्राय रन म्हणजे खालची टाकी रिकामी, करंट नेहमीपेक्षा कमी. पाणीपुरवठा बंद असण्याच्या दिवशी हा ट्रिप आला तर आधी टाकी बघा. पावसाळ्यात अर्थ फॉल्ट आला, तर मात्र रिसेटला हातच लावू नका. वाइंडिंगमध्ये ओल शिरलेली असू शकते, मेगर लावून तपासणी हवी.

काही रिलेंना स्क्रीन नसते, फक्त लाल-हिरवे दिवे. दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय, यावर अर्थ बदलतो आणि तो प्रत्येक कंपनीचा वेगळा. मॅन्युअलमधलं ते एक पान झेरॉक्स काढून पॅनलच्या दारावर चिकटवलं की काम झालं.

काही रिले मागचे ट्रिप आणि त्या वेळचा करंटही साठवून ठेवतात, पण साध्या रिलेवर रिसेट दाबताच खूण पुसली जाते. म्हणून वॉचमनने आधी रिलेचा फोटो काढून ग्रुपवर टाकावा, मग बटण. फोटो बाहेरूनच. आत 415 व्होल्ट असतात, झाकण उघडायचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं.